पुण्यात घर घेताय? आधी त्या भागाची वाईट वेळ गाठा

आमचं पहिलं घर आम्ही डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी अकराला पाहिलं. हवेत गारवा, गॅलरीतून समोर टेकडी, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि बिल्डरच्या ऑफिसात आलं घातलेला चहा. संध्याकाळी टोकन देऊन मोकळे झालो. मे महिन्यात राहायला गेलो तेव्हा कळलं, की रोज पहाटे पाचला खिडकीखाली टँकर मागे घेतला जातो आणि त्याचा तो भोंगा हाच आता आपला गजर. टेकडीही फार दिवस दिसली नाही. समोरच्या मोकळ्या जागेवर बारा मजले चढले. घरात तशी काही खोट नव्हती. असती तरी फरशी उखडून नवी घालता आली असती, ओटा फोडून दुसरा करता आला असता. परिसराचं तसं काही करता येत नाही.

त्यानंतर एकदा स्वतःसाठी आणि मग भाऊ, नणंद, ऑफिसातल्या मैत्रिणी यांच्यासाठी कितीतरी वेळा पुणं पालथं घातलं. त्यातून एक रीत हाती लागली. प्रत्येक भागाची एक वाईट वेळ असते. कुठे ती मे महिन्यात येते, कुठे जुलैतल्या रात्री, कुठे मंगळवारी सकाळी नऊला, कुठे शनिवारी रात्री साडेअकराला. ती कुठली ते शोधायचं आणि नेमकं तेव्हा तिथे जाऊन उभं राहायचं. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत. दाखले पुणे-पिंपरीचे आहेत, कारण हेच शहर माझ्या पायाखालचं. नाशिक-नागपूरकरांनी ओढ्यांची नावं बदलून घ्यावीत.

पायरी १ : ही जागा नेमकी कोणाच्या हद्दीत?

जाहिरातीत सगळंच 'पुणे' असतं. प्रत्यक्षात तुमचा फ्लॅट पुणे महापालिकेत, पिंपरी-चिंचवड महापालिकेत, कॅन्टोन्मेंटात किंवा एखाद्या ग्रामपंचायतीत असू शकतो. ग्रामपंचायत असेल तर बांधकामाची परवानगी पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, पण कचरा आणि पाणी ग्रामपंचायतीच्या गळ्यात. हिंजवडी, माण, मारुंजी या गावांत लाखभर पगाराची माणसं टोलेजंग इमारतींत राहतात आणि कचरागाडीसाठी सरपंचांना फोन करतात. यात कुणाला कमी लेखायचं नाही. एवढीच गोष्ट की ग्रामपंचायतीच्या तिजोरीत महापालिकेएवढा पैसा नसतो.

पुणे महापालिकेत आहोत एवढ्यावरही थांबू नका. कधीपासून आहोत ते विचारा. १९९७मध्ये हद्दीत आलेले बाणेर, बालेवाडी, खराडी यांना रस्ते-ड्रेनेज मिळायला पंधरा-वीस वर्षं लागली. ऑक्टोबर २०१७मध्ये लोहगाव, उंड्री, धायरी, आंबेगाव, फुरसुंगी, उरुळी देवाची यांसह ११ गावं आली. २०२१मध्ये वाघोली, म्हाळुंगे, सूस, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, पिसोळी, मांजरी बुद्रुक वगैरे आणखी २३. यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. म्हणजे कोणी 'महापालिकेत आहे हो' म्हणून घर घेतलं असेल तर काही वर्षांत पाटी बदलली.

माझा अंदाज असा : गाव हद्दीत आल्यापासून किमान दहा वर्षं सोयींची वाट पाहावी लागते. तेवढी तयारी असेल आणि भावात तेवढी सूट मिळत असेल तर नव्या गावात जरूर घ्या. कोथरूडचा भाव देऊन गावातल्या सोयी घेऊ नका.

पायरी २ : पाणी

पुण्याचं घर म्हणजे आधी पाणी, मग बाकी सगळं. 'पाणी आहे का?' हा प्रश्न मात्र विचारू नका. त्याचं उत्तर जगात सगळीकडे 'चोवीस तास' असंच मिळतं. टाकी टँकरने भरली तरी नळाला पाणी चोवीस तासच असतं ना!

विचारायचं ते हे : गेल्या एप्रिल-मे महिन्यात टँकरवर किती खर्च झाला? नव्या इमारतीत याचं उत्तर मिळणार नाही, म्हणून शेजारच्या पाच-सात वर्षं जुन्या सोसायटीत जा. सेक्रेटरी किंवा मॅनेजर भेटतो. वार्षिक सभेच्या अहवालात जमाखर्च छापलेला असतो आणि त्यात पाण्याचा आकडा वेगळा दिसतो. तेवढं एक पान बघायला मिळालं की काम झालं. लोक दाखवतात, हा माझा अनुभव आहे. पाण्यावर बोलायला पुण्यात कोणालाही आमंत्रण लागत नाही.

आकडा मिळाला नाही तर स्वतः मांडून पाहा. शहरी पाणीपुरवठ्याचं धरलेलं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर. २०० फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, म्हणजे ८०० माणसं आणि रोजचं १ लाख ८ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर जवळजवळ ११ टँकर. सगळं पाणी विकतचं असेल आणि टँकर समजा १,२०० रुपयांना पडत असेल, तर महिन्याला सुमारे ३ लाख ९६ हजार. घरटी जवळपास दोन हजार रुपये, नुसते पाण्याचे, मेंटेनन्स वेगळा. तुमच्या भागातला टँकरचा खरा दर विचारून हाच गुणाकार करा. दर मे महिन्यात वाढतो, त्यामुळे जानेवारीतला दर धरून खूश होऊ नका.

नव्या वाढत्या भागात आणखी एक कागद असतो, तो मागून घ्या. महापालिका पाणी देऊ शकेपर्यंत पाण्याची सोय आपण करू, असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलं जातं. सोसायटी स्थापन होऊन बिल्डर निघून गेला की ती 'सोय' रहिवाशांच्या खिशातून सुरू होते. हमीपत्र आहे का, त्यात नेमकं काय लिहिलंय, हे बुकिंगच्या आधी वाचा. त्यावर सेल्स ऑफिसातला मुलगा गोंधळला तर तेही एक उत्तरच.

पाण्याची चव आणि तब्येत हा वेगळा भाग. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्याच्या कडेला नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा साऱ्या शहराला कळलं की नव्याने आलेल्या गावांपर्यंत शुद्धीकरण केलेलं पाणी पोचलेलंच नाही, आणि संशयाची सुई थेट विहिरीच्या पाण्याकडे वळली. तेव्हा पाणी कुठून येतं हे विचारा : धरणातून शुद्धीकरण केंद्रामार्गे, की विहिरीतून, की बोअरमधून? बोअरचं असेल तर शेजारच्या चहावाल्याचा नळ बघा. पांढरा थर चढलेला असेल तर तुमचा गिझर आणि तुमचे केस, दोन्हींचं भवितव्य तिथेच दिसतं.

पूर्वेकडच्या खराडी, विमाननगर, वडगाव शेरी, धानोरी या भागांना २०२१पासून भामा आसखेड धरणाचं पाणी मिळू लागलं आणि तिथलं चित्र बरंच सुधारलं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणी आहे. ते नियमित येतं, पण टाकी दोन दिवस पुरेल एवढी मोठी हवी. आणि पुण्यात बघायला जायचंच असेल तर शुक्रवारी सकाळी जा. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद आणि 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने' हे वाक्य इथल्या पेपरात पिढ्यान्‌पिढ्या छापून येतंय. त्या सकाळी कुठल्या गल्लीत टँकर उभे आहेत आणि कुठल्या नाहीत, हे स्कूटरवरून अर्ध्या तासात कळतं.

पायरी ३ : नदीपेक्षा ओढा पाहा

मुठेला पूर येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं, हे जुन्या पेठांतली माणसं अजून भिंतीकडे बोट करून सांगतात. म्हणून नदीकाठ म्हटलं की थोडी सावधगिरी असतेच. फसगत होते ती ओढ्यांशी. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी हा सगळा पट्टा धुऊन नेला. सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या, गाड्या वाहून एकावर एक चढल्या, पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. तोवर कित्येकांच्या लेखी तो फक्त एक नाला होता.

पाषाण-बावधनला रामनदी आहे, बाणेर-बालेवाडीला देवनदी, वानवडीला भैरोबा नाला. घर घेताय तिथला ओढा कोणता, हे आधी शोधा. गुगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं पाहता येतात. २००५-०६पर्यंत मागे जा आणि आता जिथे पार्किंग आहे तिथे तेव्हा काय होतं ते बघा. झाडांची वळणदार हिरवी रेघ दिसली आणि आज तिथे सरळ सिमेंटचा पाइप असेल, तर पाणी एक दिवस जुन्या वाटेनेच येणार.

नदीकाठ असेल तर दोन रेषा विचारा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नाही. निळ्या आणि लालच्या मधल्या पट्ट्यात अटींसह आहे. 'पंचवीस वर्षांतून एकदा' ऐकून निर्धास्त व्हायचं नाही, कारण पाण्याला कॅलेंडर कळत नाही. २५ जुलै २०२४च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. लगेच पुढच्याच महिन्यात तिथे पुन्हा पाणी शिरलं.

प्रत्यक्ष पाहणी अशी करा. जुलै-ऑगस्टात सलग दोन दिवस पाऊस झाला की जा. जाता येत नसेल तर शेजारच्या इमारतींच्या बेसमेंटमध्ये उतरा. भिंतीवर गुडघाभर उंचीवर मातकट रेघ आहे का? महावितरणचे मीटर तळघरात आहेत की वर घेतलेत? वर घेतले असतील तर का घेतले, ते वॉचमनदादांना विचारा. कोपऱ्यात डिझेलचा पंप कायमचा बसवलेला असेल तर विचारायचीही गरज नाही.

पायरी ४ : अंतर किलोमीटरात नको, मिनिटांत मोजा

'हिंजवडीपासून फक्त सात किलोमीटर' हे वाक्य खरंच असतं. सात किलोमीटरच असतं. मंगळवारी सकाळी नऊला त्याला पन्नास मिनिटं लागतात, एवढंच सांगायचं राहून जातं.

कुठला दिवस निवडायचा यातही मेख आहे. आयटीवाल्यांच्या भागात सोमवारी आणि शुक्रवारी बरेच जण घरून काम करतात. खरी गर्दी मंगळवार ते गुरुवार. उलट भोसरी-चाकणकडे बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे गुरुवारी तिकडचे रस्ते बघून कोणी घर घेतलं तर शुक्रवारी सकाळी डोळे उघडतात. आणि एकदा तरी पावसातल्या संध्याकाळी सातला ऑफिसातून 'घरी' जाऊन बघा. भूमकर चौक, नवले पूल, कात्रज-कोंढवा रस्ता, वाघोलीचा नगर रस्ता यांची ओळख तेव्हाच नीट होते. स्कूटरने जाणार असाल तर स्कूटरनेच जा, गाडीतून नको. मॅपवर निघण्याची वेळ बदलून अंदाज घेता येतो, पण मॅपला खड्डे आणि उलट्या दिशेने येणारे टेम्पो दिसत नाहीत.

नवरा-बायको दोघं नोकरी करत असतील आणि एक ऑफिस खराडीला, दुसरं हिंजवडीला असेल, तर बहुतेक जोडपी मध्यबिंदू शोधतात. मला हे कधी पटलं नाही. मध्ये राहून दोघंही वैतागतात. मूल असेल तर शाळा मध्यबिंदू धरा. नोकऱ्या दोन-तीन वर्षांत बदलतात. एकदा घातलेली शाळा बारा वर्षं बदलत नाही आणि सकाळी सातची बस कोणासाठी थांबत नाही. मूल नसेल तर ज्याची रात्रपाळी किंवा उशिराची मीटिंग असते त्याच्या बाजूला कौल द्या.

आता 'येऊ घातलेल्या' गोष्टी. मेट्रो, रिंगरोड, नवा पूल. मी साधा हिशेब ठेवते : जे आज सुरू आहे त्याला पूर्ण गुण, ज्याचे खांब उभे आहेत त्याला अर्धे, जे ब्रोशरवर आहे त्याला शून्य. पुण्यात हा नियम कठोर वाटत असेल तर एचसीएमटीआर आठवा. शहराभोवतीचा तो उच्च क्षमतेचा वर्तुळाकार मार्ग १९८७च्या विकास आराखड्यात होता. त्याच्या भरवशावर ज्यांनी तेव्हा घर घेतलं त्यांची नातवंडं आता कॉलेजात असतील. उलट वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो ६ मार्च २०२२ला खरोखर धावली, पुढे रामवाडीपर्यंत गेली, आणि २०२४च्या सप्टेंबरात दुसरी मार्गिका भुयारातून स्वारगेटला पोचली. खांब दिसत होते तिथे अर्धे गुण देणाऱ्यांचं भलं झालं. हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या तिसऱ्या मार्गिकेच्या मुदती मात्र किती वेळा सरकल्या, हे तिकडच्या कोणालाही विचारा.

स्टेशन चालू असेल तर तिथून त्या घरापर्यंत स्वतः चालत जा. 'पाच मिनिटांवर' म्हणजे कशाने पाच मिनिटं, आणि वाटेत फुटपाथ आहे की ओळीने लावलेल्या दुचाक्या, हे पायांनाच कळतं. घरात सासूबाई असतील तर त्यांना बरोबर न्या.

पायरी ५ : समोरची मोकळी जागा मोकळी नसते

माझी टेकडी गेली ती इथे. तेव्हा हे ठाऊक असतं तर पाचशे रुपये आणि दोन हेलपाट्यांत निर्णय बदलला असता.

जमिनीचा सर्व्हे किंवा गट क्रमांक बिल्डरच्या कागदांवर असतो. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावरही मिळतो. तो घेऊन महापालिकेतून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा मिळवा. फक्त आपल्या नाही, चारी बाजूंच्या क्रमांकांचा. शेजारच्या मैदानावर शाळेचं आरक्षण आहे, की मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचं, की स्मशानभूमीचं, हे त्यात रंगाने दाखवलेलं असतं. समोर निवासी विभाग आणि पुढ्यात रुंद रस्ता असेल तर तिथे मोठी इमारत येणारच असं धरा. डिसेंबर २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत बांधकाम किती करता येईल हे बऱ्याच अंशी रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. म्हणजे ज्या रुंद रस्त्यामुळे तुम्ही घर घेताय, त्याच रस्त्यामुळे समोरचा टॉवर उंच होणार.

टेकडीचा उतार दिसला तर तो जैववैविध्य उद्यानाच्या, म्हणजे बीडीपीच्या आरक्षणात आहे का ते पाहा. असेल तर टेकडी टिकण्याची शक्यता जास्त, पण तुमचीच इमारत त्या आरक्षणात तर नाही ना, हेही बघा. २०२१मध्ये आलेल्या गावांबाबत जरा जास्त जपा. पीएमआरडीएने २०२१मध्ये प्रसिद्ध केलेला प्रारूप विकास आराखडा राज्य सरकारने पुढे रद्द केला. त्यातले रस्ते अजून काही ब्रोशरांत ठळक रेघांनी मिरवतात.

पिंपरी-चिंचवडकडे एक शब्द कानावर येईल : रेड झोन. तो पुराच्या लाल रेषेहून वेगळा. देहूरोडच्या लष्करी दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांच्या, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटरच्या पट्ट्यात बांधकामाला बंदी आहे. तळवडे, चिखली, निगडी, किवळे यांचे काही भाग त्यात येतात. तिथे घरं आहेत, विकलीही जातात, नोटरीवर, स्वस्तात. घ्यायच्या आधी कुठल्याही सरकारी बँकेत कर्जाचं विचारा. बँकेने नकार दिला तर तिच्या वकिलाने तुमचं काम फुकटात केलं असं समजा. तोच न्याय गुंठा-दोन गुंठ्यांवर उठलेल्या चार मजली इमारतींना. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायला दिलेली सरकारी परवानगी नाही, कर्ज नाही, आणि बिल्डर सांगतो, 'मॅडम, सगळे असंच घेतात.' घेतात, खरं आहे.

महारेराचा आणखी एक उपयोग सहसा कोणी करत नाही. तुमच्या प्रकल्पाबरोबर त्याच गावातले आणखी आठ-दहा प्रकल्प उघडा. पहिली नोंदलेली पूर्णत्वाची तारीख, नंतर वाढवलेली तारीख, खटले, तक्रारी. एखाद्या भागात सगळेच प्रकल्प दोन-दोन वर्षं रखडलेले दिसले तर दोष एका बिल्डरचा नसतो. रस्ता, ड्रेनेज, जमिनीचे वाद असं काहीतरी त्या भागाच्याच पोटात असतं.

पायरी ६ : नाक, कान आणि फडकं

हे पटकन होण्यासारखं आहे. वाऱ्याची दिशा बदलली की मोशी आणि फुरसुंगी-उरुळीच्या कचरा डेपोंचा वास किती लांब जातो, हे पावसाळ्याच्या सुरुवातीला कळतं. फेब्रुवारीत नदीकाठी संध्याकाळी साडेसहाला उभं राहा. २०२४च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीला मुळा-मुठेवर डासांसारख्या कीटकांचे वावटळीसारखे खांब उठले होते, ते व्हिडिओ साऱ्या देशाने पाहिले. जलपर्णी दिसली की खिडक्यांच्या जाळीचा खर्च हिशेबात धरा. लोहगावच्या धावपट्टीच्या रेषेत लढाऊ विमानांचा सराव असतो. बाळंतीण घरात येणार असेल तर सकाळी दहाला जाऊन ऐका. शनिवारी रात्री साडेअकराला रूफटॉपवाल्या भागात, आणि लग्नसराईत मंगल कार्यालयांच्या रस्त्यावर एक चक्कर मारा. खडी क्रशर किंवा काँक्रीट प्लांट जवळ असेल तर शेजारच्या घराच्या खिडकीवरून ओलं फडकं फिरवा. फडकं सांगेल.

पायरी ७ : कोणाला विचारायचं

एजंट आणि बिल्डर सोडून सगळ्यांना. माझा सगळ्यात आवडता साक्षीदार म्हणजे इस्त्रीवाले दादा. कुठल्या इमारतीतली माणसं वर्षा-वर्षाला बदलतात हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. भाडेकरू टिकत नसतील तर काहीतरी आहे. त्यानंतर मेडिकलवाला, तो सांगतो कुठला आजार कुठल्या महिन्यात येतो. घरकाम करणाऱ्या मावशींना विचारा की त्या इथवर येतात कशा. बस नाही, शेअर रिक्षा नाही, चालत रस्ता ओलांडता येत नाही, असं असेल तर तुम्हाला मदतनीस मिळणार नाही, आणि रात्री साडेनऊला तुमच्या मुलीला यायला रिक्षाही.

प्रश्न उघड ठेवा. 'इथे सगळ्यात जास्त डोकं कशाने उठतं?' या एका प्रश्नावर अर्धा तास ऐकायला मिळतं. आणि पार्किंगचं भांडण कधी झालं होतं तेही विचारा. झालेलं असतंच.

पायरी ८ : खरा भाव सूची दोनमध्ये

एजंट सांगतो तो मागण्याचा भाव. झालेला भाव दस्तात असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव, वर्ष आणि सर्व्हे क्रमांक टाकून सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, मोफत पाहता येते. त्यात मोबदला, क्षेत्रफळ आणि मजला दिसतो. त्याच सर्व्हे क्रमांकातले गेल्या दोन वर्षांतले आठ-दहा व्यवहार काढा, मोबदल्याला चटईक्षेत्राने भागा. सोबत त्याच विभागाच्या वार्षिक बाजारमूल्य तक्त्यातला, म्हणजे रेडी रेकनरचा दर ठेवा. तेच घर दोन वर्षांत दुसऱ्यांदा विकलेलं दिसलं तर पहिल्या मालकाने का सोडलं ते शोधा. मला एकदा एकाच इमारतीत अशी चार घरं सापडली. चारही एकाच बाजूची, खाली सोसायटीचा स्वतःचा मैलापाणी प्रकल्प.

पायरी ९ : अकरा महिने

जमत असेल तर त्याच भागात आधी भाड्याने राहा. अकरा महिन्यांच्या करारात एक उन्हाळा आणि एक पावसाळा येतो, बाकी काही लागत नाही. करार ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा, म्हणजे आधी चांगले महिने भोगून मग मे आणि जुलै गाठता येतील. दोनदा सामान हलवायचा खर्च आणि भाडं मिळून चार-पाच लाख जातात म्हणून लोक कचरतात; पण ऐंशी लाखांच्या चुकीपुढे ते काहीच नाहीत.

दुसरं घर आम्ही असंच घेतलं. नोव्हेंबरात राहायला गेलो. एप्रिलमध्ये टँकर मोजले : महिन्याभरात सहा. जूनमध्ये मीटरच्या खोलीत उतरून पाहिलं, कोरडी. जुलैत पावसातल्या संध्याकाळी ऑफिसातून यायला पस्तीस मिनिटं लागली. डिसेंबरात पंचवीस लागायची. खाली एका मंगल कार्यालयाचा बँड मात्र मे महिन्यात रोज वाजायचा, त्यावर आमचं बरंच बोलणं झालं. शेवटी बँड चालेल असं ठरलं आणि दहाव्या महिन्यात घरमालकांना फोन लावला, की काका, विकायचा विचार आहे का?